घाटातील बंदी कोणावर? डंपरवर की बसवर?

१९२९ सालची गोष्ट. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर खानदेशाच्या दौऱ्यावर होते. परतीच्या वाटेवर एका गावातील बहिष्काराची चौकशी करण्यासाठी ते चाळीसगावला उतरले. स्थानिक बांधवांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनपासून महारवाडा काही फार लांब नव्हता, परंतु बाबासाहेबांना टांग्यात बसवून न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. अखेर एक जण टांगा द्यायला राजी झाला, हाकायला मात्र नाही. मग आपल्याच एका बांधवाने लगाम हाती घेतला. त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. वाटेत नदीवर मोरी होती. तिला कठडा नव्हता, फक्त अंतराअंतरावर दगड रोवलेले होते. टांग्याचे चाक त्या दगडांत अडकले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि घोडा टांग्यासकट नदीत पडला. बाबासाहेबांचा पाय मोडला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात त्यांनी स्वतः हा प्रसंग लिहून ठेवलेला आहे.

अस्पृश्यतेचा दाखला म्हणून आपण हा प्रसंग नेहमी वाचतो आणि तो तसाच आहे. परंतु मोटार अपघाताच्या दाव्यांचे कागद रोज हाताळणारा एक वकील म्हणून मला त्यात आणखी काही दिसते. सराईत चालक मिळू दिला नाही. रस्त्याला कठडा नव्हता. आणि जाण्यासाठी दुसरे साधन नव्हते. या तीन गोष्टी एकत्र आल्या की अपघात होतो. त्याला आपण दैव म्हणतो, पण त्यात दैवाचा काय संबंध? ज्याला सुरक्षित वाहन नाकारले जाते, तोच असुरक्षित वाहनात बसतो. शहाण्णव-सत्त्याण्णव वर्षे उलटली, तरी महाराष्ट्राच्या डोंगरी वाड्यांच्या वाटेवर ह्या तिन्ही गोष्टी आजही जशाच्या तशा उभ्या आहेत. आता त्यात चौथी भर पडली आहे, ती म्हणजे घाटाच्या तोंडाशी लावलेली ‘अवजड वाहनांस बंदी’ ही पाटी! या पाटीबद्दलच आज वाचक बंधू-भगिनींशी बोलायचे आहे.

आमचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा, क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. १७,०४८ चौरस किलोमीटर आणि १४ तालुके. नगर म्हटले की बाहेरच्या माणसाला साखर कारखाने, प्रवरेचे कालवे आणि शिर्डी आठवते. पण पश्चिमेला अकोले तालुक्यात सह्याद्रीचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरवर उभे आहे आणि पूर्व-दक्षिणेला पाथर्डी-जामखेडकडे बालाघाटाचे डोंगर आहेत. चंदनापुरी, करंजी, इमामपूर, माणिकदौंडी, विठा ही घाटांची नावे जिल्ह्यातल्या प्रत्येक ड्रायव्हरच्या तोंडी असतात. हमरस्त्यावरच्या घाटात ट्रक उलटला तर बातमी येते, क्रेन येते, वाहतूक पोलीस येतात. परंतु हमरस्ता सोडून वर वाडीवस्तीकडे जाणारे जे एका गाडीच्या रुंदीचे फाटे आहेत, तिकडे कोण बघतो?

हे फाटे आले कुठून? आपल्या आयाबायांना विचारा. १९७२ च्या दुष्काळात उपाशी पोटी खडी फोडून, डोक्यावर घमेली वाहून त्यांनी रस्ते केले. त्या कामावर इंजिनिअर वरच्यावर यायचा, आणि चढ किती ठेवायचा हे डोंगरच ठरवायचा. डोंगरी भागात २० मीटर अंतराला १ मीटर चढ ही सर्वसाधारण मर्यादा रस्तेबांधणीच्या मानकांनी घालून दिलेली आहे. आमच्या कित्येक वाड्यांच्या वाटांना ही मर्यादा माहीतच नाही. त्याच पायवाटेवर पुढे मुरूम पडला, मग डांबर पडले, चढ मात्र तोच राहिला. २००० साली पंतप्रधान ग्रामसडक योजना आली. त्यात डोंगरी आणि आदिवासी भागासाठी किमान २५० लोकवस्तीची अट होती. ज्या वाडीत ४० घरे, ती या हिशेबात बसली नाही. आता अशी वाडी कोणाची असते, हे या पानाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

गेल्या पावसाळ्याआधी अशाच एका वाडीवर जाणे झाले. वाडीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण अर्ज चालू आहे आणि तेथील लोकांना त्याचा त्रास व्हायला नको. वर बौद्ध वस्ती, पलीकडे ठाकरांची घरे आणि मध्ये एक समाजमंदिर. वळणावळणाचा घाट, एका बाजूला दरी आणि कठडा नावाला. दोन वर्षांपूर्वी या घाटात खडीचा एक डंपर मागे घसरून उलटला. सुदैवाने कोणी दगावले नाही. लोकांनी निवेदन दिले की, डंपर आणि दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर या रस्त्यावर बंद करा. मागणी रास्त होती. काही महिन्यांनी घाटाच्या तोंडाशी पाटी लागली: ‘अवजड वाहनांस बंदी’. वाडीने पेढे वाटले.

पेढे संपायच्या आत सकाळची आणि संध्याकाळची बस बंद झाली! का? तर पाटी लागली म्हणून. बस अवजड वाहन आहे. त्यात चालक-वाहकांचा दोष नाही. पाटी असताना गाडी वर घातली आणि काही झाले तर त्यांच्या नोकरीवर येईल. डंपर मात्र रात्री चालतात. घाटात रात्री पाटी वाचायला कोण उभे असते? आणि वाडीतली माणसे? ती पिकअपमध्ये उभी राहून बाजाराला जातात. त्याच पिकअपमध्ये शाळेची पोरे, त्यातच बाळंतीण आणि त्यातच सिमेंटच्या गोण्या.

समाजमंदिरात बैठक झाली तेव्हा एका आजीने मला विचारले, “वकीलसायेब, इष्टीत बसून ह्या घाटात कवा कोन मेलं न्हाई. तीच तुमी बंद केली. आन् ज्याची भ्या वाटती, ते डंपर रातभर घरघर करत्यात. ह्यो कायदा कोनासाठी केला?”

आजीच्या प्रश्नाचे उत्तर मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये शोधू या. या कायद्यात ‘अवजड’ हा शब्द बोलीभाषेतला नाही, त्याला व्याख्या आहे. मालवाहू वाहनाचे भारासह एकूण वजन १२,००० किलोपेक्षा अधिक असेल तर ते अवजड मालवाहू वाहन. प्रवासी बसचे एकूण वजन १२,००० किलोच्या वर गेले तर ती अवजड प्रवासी वाहन. आणि ७,५०० किलोपर्यंतचे वाहन हलके. आता या व्याख्या घेऊन घाटाच्या तोंडाशी उभे राहा. आपली नेहमीची मोठी प्रवासी बस अवजड ठरते. तीस माणसे कोंबलेली पिकअप हलकी ठरते! पाटी लावणाऱ्याने ‘अवजड’ एवढाच शब्द लिहिला आणि मालवाहू की प्रवासी हे सांगितले नाही, की आपोआप सुरक्षित वाहन बाहेर जाते आणि धोक्याचे वाहन आत राहते. एका शब्दाची ही करामत आहे.

आता ज्या कलमाखाली अशी बंदी घालता येते, ते कलम ११५ पाहू. लोकांच्या सुरक्षिततेसाठी वा सोयीसाठी, किंवा रस्त्याच्या अथवा पुलाच्या स्वरूपामुळे आवश्यक वाटल्यास, राज्य शासन किंवा शासनाने अधिकार दिलेले प्राधिकरण विशिष्ट रस्त्यावर सर्व वाहनांना किंवा ठरावीक प्रकारच्या वाहनांना मनाई करू शकते. आपल्याकडे असे आदेश बहुधा जिल्हाधिकारी काढतात. या कलमात तीन गोष्टी आहेत, त्या प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ केल्या पाहिजेत. पहिली, मनाई राजपत्रात प्रसिद्ध व्हावी लागते. फक्त एका महिन्यापर्यंतच्या मनाईला राजपत्राची गरज नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. दुसरी, मनाईला अपवाद आणि अटी जोडता येतात. म्हणजे ‘रुग्णवाहिका, अग्निशमन आणि प्रवासी बस वगळून’ असे लिहायला कायदा आडवा येत नाही. तिसरी, मनाई केली की कलम ११६ प्रमाणे योग्य चिन्हे लावणे बंधनकारक आहे.

या वाडीच्या पाटीवर आदेशाचा क्रमांक नाही, तारीख नाही, वजनाचा आकडाही नाही. आम्ही माहितीच्या अधिकारात आदेशाची प्रत मागितलेली आहे. पाटी लागली म्हणजे कायदा झाला असे समजून आपले लोक मान खाली घालून परत फिरतात. बंधूंनो, आधी आदेश मागा! ज्या पाटीमागे आदेश नाही, ती पाटी म्हणजे रंगवलेला पत्रा आहे.

कोणी म्हणेल, मग बंदी नकोच का? मी उलट म्हणतो. बंदी हवीच, पण जे वाहन घाटात मारते त्याच्यावर हवी. घाटात वाहन का मारते हे समजून घेऊ. भरलेला डंपर तीव्र उतारावर ब्रेक दाबत दाबत आला तर ब्रेक तापतात आणि तापलेला ब्रेक धरत नाही. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, गाडी इंजिनावर धरा. चढावर वेगळा धोका. क्षमतेपेक्षा जास्त भरलेली गाडी मध्येच दम टाकते आणि मागे घसरू लागते. ट्रॅक्टरच्या मागे दोन ट्रॉल्या उसाच्या असतील तर चढावर पुढची चाके हलकी होतात, मग स्टिअरिंगला काही अर्थ राहत नाही. ट्रॉलीला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो, त्यामुळे उतारावर मागची ट्रॉली ट्रॅक्टरलाच ढकलते. आणि लांब गाडी अरुंद वळणावर एका दमात वळत नाही. तिला दरीच्या बाजूला मागे-पुढे करावे लागते. म्हणजे प्रश्न तीन आकड्यांचा आहे. भार किती, लांबी किती आणि चढ किती. बंदीच्या आदेशात हे आकडे हवेत.

पिकअपचा धोका किती खरा आहे, हे शेजारच्या पुणे जिल्ह्याने दाखवून दिले. ११ ऑगस्ट २०२५, श्रावणी सोमवार. खेड तालुक्यातील पाईट परिसरातील पापळवाडीच्या महिला पिकअपमधून कुंडेश्वराच्या डोंगरावर निघाल्या होत्या. चढावर गाडी मागे घसरली आणि खाली कोसळली. किमान दहा महिलांचा जीव गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील चांदसैली घाटात अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्यांची पिकअप दरीत गेली आणि आदिवासी तरुण मृत्युमुखी पडले. दोन्ही ठिकाणी वाहन ‘हलके’ होते. दोन्ही ठिकाणी ते माल वाहण्यासाठी बनवलेले होते आणि त्यात माणसे होती.

अशा अपघातानंतर वकिलाकडे जे कुटुंब येते, त्याला काय सांगावे लागते ते ऐका. न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध आशा राणी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये असा निर्णय दिला की, मालवाहू वाहनातून फुकट प्रवास करणाऱ्या प्रवाशाच्या मृत्यूची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी एवढ्यांनाच कायद्याचे संरक्षण आहे. पुढे २००४ मध्ये बलजीत कौर प्रकरणात न्यायालयाने त्या कुटुंबापुरता मार्ग काढला की, कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि वाहनमालकाकडून वसूल करावेत. त्यानंतरही काही प्रकरणांत असा दिलासा मिळाला. परंतु तो हमखास मिळेल असे कोणी वकील सांगू शकत नाही. मग उरतो पिकअपचा मालक. तो बहुधा त्याच गावचा, कर्जावर गाडी घेतलेला. त्याच्याकडून काय वसूल होणार? बसमध्ये बसलेला प्रवासी मेला तर दावा उभा राहतो, पिकअपमध्ये मेला तर त्याचे कुटुंब कोर्टाच्या पायऱ्यांवर उभे राहते. म्हणून वाडीची बस बंद करून तिला पिकअपमध्ये ढकलणे म्हणजे तिचा जीव आणि जिवाची भरपाई, दोन्ही काढून घेणे आहे.

आणखी एक नुकसान आहे, जे आकड्यात धरले जात नाही. एसटीत ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून मोफत प्रवास आहे आणि महिलांना २०२३ पासून अर्ध्या तिकिटाची सवलत आहे. ज्या वाटेवर बस जात नाही, तेथील आजीला ही सवलत कागदावरच. महाराष्ट्रातील पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर धावली, याचा आम्हा नगरकरांना अभिमान आहे. त्याच जिल्ह्यातील वाडीने बससाठी निवेदने देत राहावे?

बंदी कशी घालावी, याचे चांगले उदाहरण लांब शोधायला नको. शेजारी नाशिक जिल्ह्यात सप्तशृंगी गडाचा घाट आहे. जानेवारी २००८ मध्ये तेथे भाविकांची बस दरीत कोसळून चाळीसच्या आसपास माणसे मेली. जुलै २०२३ मध्ये पुन्हा एक बस दरीत गेली. म्हणजे बस म्हटली की धोका संपला, असे मीही म्हणणार नाही; घाटासाठी सराईत चालक, तपासलेले ब्रेक आणि मजबूत कठडा हवाच. पण नवरात्राच्या यात्रेत तेथे काय करतात ते पाहा. खासगी वाहने पायथ्याला नांदुरीत थांबवतात आणि वर फक्त एसटी सोडतात. लाखोंची गर्दी असते, तरी माणूस वर पोहोचतो. बंदी आहे खासगी गाडीवर, आणि माणसासाठी बस खुली आहे. मोठ्या देवस्थानासाठी जे जमते, ते चाळीस घरांच्या वाडीसाठी एका छोट्या बसच्या रूपाने का जमू नये? रुंदीला आणि लांबीला लहान असलेली बस घाटाच्या वळणाला वळते. प्रश्न बसच्या आकाराचा आहे, आणि त्याहून जास्त आपण माणसाला किती मोजतो याचा आहे.

बंदी घालून माणसाचा विचार केला नाही तर काय होते, हे माथेरानने दाखवले. २००३ साली माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाले. रुग्णवाहिकेसारखे अपवाद वगळता तेथे मोटारी जात नाहीत. दस्तुरी नाक्यापाशी सगळे उतरतात. डोंगर वाचला, चांगले झाले. पण पुढच्या लाल मातीच्या चढावर माणसाला माणूस हातरिक्षात ओढत राहिला. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा प्रायोगिक स्वरूपात आल्या. अखेर ६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध ठरवून सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा आदेश दिला. यंत्राला बंदी आणि माणसाला जुंपण्याची मुभा, हे संविधानात बसत नाही, एवढा धडा त्यातून घ्यावा.

आणि चांदसैलीचाच दुसरा प्रसंग. सप्टेंबर २०२१ मध्ये घाटात दरड कोसळून रस्ता बंद होता. एका आदिवासी माणसाने आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन घाट उतरायला सुरुवात केली. दवाखान्यात पोहोचण्याआधीच तिने प्राण सोडला. रस्ता दरडीने बंद होवो की पाटीने, वरच्या वाडीच्या आजाऱ्याला त्यात काय फरक? घाटबंदीचा आदेश काढणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने सही करण्यापूर्वी स्वतःला विचारावे, आज रात्री वरच्या वस्तीत बाई अडली तर ती खाली कशी येणार?

हा प्रश्न दयेचा नाही, हक्काचा आहे. संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या जोडीला ‘रस्ते’ हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. ज्या समाजाला भर रस्त्यावरून चालू दिले जात नव्हते, त्या समाजाच्या अनुभवातून तो शब्द तेथे आला आहे. अनुच्छेद १९ संचाराचे स्वातंत्र्य देतो आणि त्यावरचे निर्बंध वाजवी असले पाहिजेत असे बजावतो. आणि १९८६ चा हिमाचल प्रदेश राज्य विरुद्ध उमेद राम शर्मा हा निकाल तर आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याच्या पिशवीत हवा. शिमला जिल्ह्यातील डोंगरातल्या गरीब दलित रहिवाशांनी अर्धवट राहिलेल्या रस्त्याबद्दल उच्च न्यायालयाला साधे पत्र लिहिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. खर्चाचा अग्रक्रम ठरविणे हे सरकारचे काम आहे, असे न्यायालयाने मानले. परंतु डोंगरात राहणाऱ्या माणसासाठी रस्ता मिळणे म्हणजे जीवन मिळणे आहे आणि तो अनुच्छेद २१ चा भाग आहे, हेही ठामपणे सांगितले. एका पत्राने हे घडवले. आपण पत्रे कुठे लिहितो? आपण निवेदन देतो, फोटो काढतो आणि घरी येतो!

तेव्हा आता कामाचे बोलू. ज्या ज्या वाडीच्या वाटेवर असा घाट आहे, तेथील ग्रामसभेत, आणि शक्य तर महिलांच्या ग्रामसभेत, पुढील ठराव मांडा. एक, बंदी मालवाहू वाहनांच्या वजनावर आणि लांबीवर घाला. टनांचा आणि मीटरचा आकडा पाटीवर लिहा. दोन, गाळप हंगामात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर या घाटात येणार नाही. कारखान्याने वाहतूकदाराला एकच ट्रॉली किंवा पर्यायी रस्ता ठरवून द्यावा. तीन, बस, रुग्णवाहिका आणि अग्निशमन यांना आदेशातच अपवाद हवा. चार, मोठी बस वळत नसेल तर बंदीच्या दिवसापासूनच छोटी बस सुरू व्हावी. आधी बंदी आणि नंतर बघू, हे चालणार नाही. पाच, मालवाहू गाडीतून माणसे नेण्यास बंदी आहेच, तिची अंमलबजावणी बस सुरू झाल्यावर कडक करा, बस नसताना गरिबाची पिकअप अडवून शौर्य गाजवू नका. सहा, पाटीला कुलूप लागत नाही. म्हणून उंच डंपर अडेल अशी कमान घाटाच्या तोंडाशी उभारा, मात्र बस आणि रुग्णवाहिका तिच्याखालून जाईल एवढी उंची मोजून घ्या. सात, कठडा, वळणावरचा आरसा आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट देण्याची सूचना यांचा खर्च त्याच आदेशासोबत मंजूर करा.

या ठरावाची प्रत जिल्हाधिकारी, परिवहन कार्यालय, पोलीस अधीक्षक, बांधकाम खाते आणि एसटीचे विभाग नियंत्रक यांना पोहोच घेऊन द्या. आणि अर्जात एक ओळ जरूर घाला. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आलेले आहे. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल यांतील मानके न पाळल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आले तर जबाबदार प्राधिकरणाला आणि ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम मोठी नाही. पण अपघात म्हटला की ड्रायव्हरच्या नावाने गुन्हा आणि बाकी सगळे नामानिराळे, ही जुनी रीत या कलमाने मोडता येते. धोका आधीच लेखी कळवलेला असेल तर उद्या ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे कोणालाही म्हणता येणार नाही.

आपल्या चळवळीत मोठ्या प्रश्नांवर परिषदा होतात आणि व्हायलाही हव्यात. परंतु ‘घाटातली बस’ हा प्रश्न कोणत्याच परिषदेच्या पत्रिकेवर येत नाही, कारण तो लहान वाटतो. ज्या मुलीची बस बंद झाली तिचे कॉलेज बंद होते. बारावीनंतर ती घरी बसते आणि पुढच्या वर्षी तिचे लग्न लावतात. ‘शिका’ हा मंत्र तिच्यापर्यंत पोहोचायला रोज सकाळी सात वाजता घाटाच्या वर एक बस लागते. इतका हा प्रश्न मोठा आहे.

त्या वाडीच्या बैठकीनंतर मी खाली उतरलो तो पिकअपमधूनच, दुसरे वाहन नव्हते. पाठीमागे अकरा-बारा माणसे उभी होती. मला मात्र त्यांनी आग्रहाने पुढे ड्रायव्हरशेजारी बसवले, पाहुणा म्हणून. वळणावर दरीच्या बाजूचा मोडका कठडा दिसला आणि मला चाळीसगावची मोरी आठवली. तेथेही लोकांनी पाहुण्याचा मान राखला होता, आणि त्यासाठी सवय नसलेल्या बांधवाच्या हाती लगाम दिला होता. मान राखण्यासाठी आपल्या लोकांनी अजून किती वर्षे जिवाशी खेळायचे?

ठराव लिहून तयार आहे. पुढच्या ग्रामसभेत ती आजी तो मांडणार आहे. तुमच्या तालुक्यातील घाटात अशी पाटी असेल तर तिच्यावर आदेशाचा क्रमांक आहे का, एवढे आजच पाहून या.

जय भीम!